बार्बा झिसिसचे तीन तारे

माझ्या बेकरीला बार्बा झिसिसनं तीन तारे दिलेत. इंटरनेटवर, बेकरीच्या फोटोखाली, साऱ्या जगाला दिसेल अशा जागी त्यानं लिहिलंय: "पाव चांगला. बाई फार बोलते." मी हे वाचलं आणि पिठाच्या हातानंच तडक चौक ओलांडून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"बार्बा, पाव चांगला तर पाच द्या. बाई वाईट तर एक द्या. हे तीन कुठून काढलेत?"

"सरासरी," तो म्हणाला आणि कॉफीचा घोट घेतला.

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. त्यानं डोंगरावरच्या मठालाही तीनच दिलेत. "जागा शांत. गाडी लावायला चढ." नदीवरच्या पुलाला तीन. स्वतःच्या बायकोच्या भावाच्या खाणावळीला तीन, त्यावरून घरात आठवडाभर अबोला. त्याचं म्हणणं असं की पाच तारे खोटारडे देतात आणि एक तारा भांडकुदळ. सारी हयात त्यानं ट्रक चालवला, आमच्या वेर्मिओ डोंगराच्या पायथ्याचे पीच जर्मनीला पोचवले, आणि त्या सगळ्या रस्त्यावर त्याला एकही गोष्ट पूर्ण चांगली किंवा पूर्ण वाईट दिसली नाही म्हणे. गावात बार्बा म्हणजे काका. तो साऱ्या गावाचा बार्बा आहे आणि कुणालाही तीनच्या वर चढू देत नाही.

आता आमच्या चौकाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चौकाच्या वरच्या अंगाला दोम्नाबाईचा कॉफीखाना, खालच्या अंगाला लाझारोसचा. मध्ये चिनार आणि बाजूला माझी बेकरी. पूर्वी वर हिरव्या पक्षाचे बसायचे, खाली निळ्या. पोरगं जन्मलं की बापाची खुर्ची तीच त्याची खुर्ची, मग मोठेपणी कितीही शिकू दे. निवडणुकीचा निकाल पेट्या उघडायच्या आधीच खुर्च्यांवरून लागायचा. मग वाईट वर्षं आली, पेन्शनी कापल्या गेल्या, आणि दोन्हीकडचे लोक दोन्ही पक्षांना एकाच शब्दांत शिव्या देऊ लागले. तेव्हा मोठी पंचाईत झाली. समोरासमोर बसायची सवय तशीच राहिली आणि भांडायला विषयच उरला नाही. दोन हिवाळे चौकात नुसत्या सोंगट्या वाजत होत्या.

ती अडचण बार्बा झिसिसनं सोडवली. ट्रक विकून घरी बसल्यावर त्याच्या मुलानं त्याला लॅपटॉप दिला होता, आणि कुणा जर्मन ड्रायव्हरनं त्याला सांगितलं होतं की शहाण्या माणसानं इंटरनेट उघडायला कोल्हा वापरावा. ब्राउझरला आमच्याकडे चित्रावरून नाव आहे. एकाच्या चित्रात शेपूट गुंडाळलेला कोल्हा, दुसऱ्याच्या चित्रात रंगीत गोल. म्हणून एक कोल्हा आणि एक चाक. खरी नावं पोरांना माहीत. तर बार्बानं दोम्नाबाईच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि उभं राहून भाषण ठोकलं. कोल्हा गरिबाचा आहे, कोल्हा कुणाच्या बापाचा नोकर नाही, कोल्हा घरातलं बाहेर सांगत नाही. त्यातलं निम्मं भाषण जुनं, हिरव्या पक्षाचंच होतं. फक्त पक्षाच्या जागी कोल्हा घातला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कितीतरी दिवसांनी कुणीतरी ओळखीचं बोललं होतं.

दुसऱ्याच दिवशी खालच्या कॉफीखान्यात झाडून सगळ्यांनी चाक घेतलं. त्यात दोघंतिघं असे होते की जे आधीपासून नकळत कोल्हाच वापरत होते. त्यांनी तो स्वाभिमानानं काढून टाकला.

तेव्हापासून चौक पुन्हा जिवंत झाला. वरचे म्हणायचे, चाकवाल्यांच्या घरात काय शिजतं ते अमेरिकेत कळतं. खालचे म्हणायचे, कळू दे, निदान काहीतरी शिजतं. गावाचा एक ग्रुप आहे इंटरनेटवर. त्यात ही मंडळी समोरासमोर बसून, एकमेकांच्या तोंडाकडे बघत, एकमेकांना टोमणे लिहायची. लिहून झालं की मान वर करून बघायची, लागला का. ग्रुपवर रोज सकाळी खालून कुणीतरी फुलांचा फोटो टाकून 'सुप्रभात' म्हणायचा, त्यावर बार्बा रोज लिहायचा, "तोंड दिलंय देवानं, चौक ओलांडून ये आणि म्हण." कुणी गेला नाही.

बार्बाची मतं पक्की होती आणि फुकट मिळत होती. एका वेळी एकच पान उघडायचं. दोन उघडी ठेवणारा माणूस दोन घरं करतो. अटी मान्य आहेत का असं विचारलं तर आधी अटी वाचायच्या. एकदा त्यानं त्या अटी सबंध मोठ्यानं वाचल्या, रविवारी चर्चमधल्या शुभवर्तमानासारख्या, आणि अर्धा कॉफीखाना खुर्चीत झोपला. खाजगी खिडकी उघडणाऱ्याच्या बायकोला आपण आधी सावध करावं. फोनमध्ये चाक आधीच बसवलेलं असतं आणि निघत नाही, म्हणून त्यानं तो फोन परत करून जुना बटणांचा फोन घेतला. मला एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "मालामो, तू काय वापरतेस?"

"जे उघडतं ते," मी म्हटलं.

"ही बाई कुठल्याही पक्षात चालणार नाही," तो म्हणाला. खरंच आहे ते. मी दोन्हीकडे पाव विकते.

आता लाझारोसचं. खालचा कॉफीखाना त्याचा, म्हणजे चाकाचा पुढारी तोच. आणि तोच बार्बाचा कुम्बारे. बार्बाच्या एकुलत्या एका मुलाला, स्तेर्गिओसला, बाप्तिस्म्याच्या वेळी लाझारोसनं हातात धरलं होतं. आमच्यात पोराचा बाप आणि धर्मबाप एकमेकांना कुम्बारे म्हणतात, आणि ते नातं सख्ख्या भावाच्याही वरचं. भावाशी कोर्टात भांडता येतं, कुम्बारेशी नाही. लाझारोसला बायको नाही, पोर नाही. बार्बा ईस्टरला आणि ऑगस्टात घरी यायचा. बाकीचं वर्ष स्तेर्गिओस खालच्या कॉफीखान्यात वाढला. बर्फात त्याला शाळेत पोचवणारा लाझारोस, सायकलच्या मागे धावणारा लाझारोस, आणि गावातला पहिला कॉम्प्युटरही लाझारोसकडे आला, फुटबॉलचे निकाल बघायला. त्यावर पोरगं इतकं बसलं की आज जर्मनीत श्टुटगार्टला त्याच कामाचा पगार घेतं.

दोन वर्षांपूर्वी दोघा कुम्बारेंनी शर्यत लावली. चिनाराखाली दोन टेबलं, दोन लॅपटॉप, आणि पंच मी. दोघांनी एकाच वेळी हवामानाचं पान उघडायचं होतं. मी टाळी वाजवली, दोघांनी बटण दाबलं, आणि आभाळ कडाडून साऱ्या गावाची वीज गेली. पान कुणाचंच उघडलं नाही. हवामान मात्र सगळ्यांना कळलं.

इथवर हसण्यावारी होतं. पण पावसात भिजत दोघंही "मी जिंकलो" म्हणायला लागले, आणि लाझारोसच्या तोंडून निघून गेलं, "तुझा कोल्हा तुझ्यासारखाच रे झिसिस. गरज असते तेव्हा कधी जागेवर नसतो."

उचलली जीभ लावली टाळ्याला. हे ब्राउझरबद्दल नव्हतं, हे चौकातल्या प्रत्येकाला समजलं. बार्बानं लॅपटॉप मिटला, कोटाखाली धरला आणि घरी गेला. त्या दिवसापासून दोघं बोलले नाहीत. दरवर्षी स्तेर्गिओसच्या नामदिनाला, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या सणाला, लाझारोस मिठाईचा डबा पाठवायचा, तो माझ्या हातून. बार्बा तो घ्यायचा आणि रिकामा डबा माझ्याच हातून परत करायचा. दोघांपैकी एकानंही हे पोराच्या कानावर घातलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातले हे दोन सुंभ.

मागच्या वर्षी स्तेर्गिओसला मुलगा झाला. आमच्याकडे पहिल्या नातवाला बापाच्या बापाचं नाव ठेवतात, पण ते नाव बाप्तिस्म्यापर्यंत कुणी उच्चारत नाही. तोवर तो नुसता बाळ. जर्मन कचेरीत नाव सांगावं लागलं असणार, पण त्यांची कचेरी आमच्या पोस्टासारखी बोलकी नाही. बार्बाची बायको एव्हान्थिया तिकडे सुनेच्या मदतीला गेली होती, तिच्या तोंडूनही शब्द फुटेना.

एके दिवशी बार्बा माझ्या दुकानात रांगेत उभा राहून त्या बटणांच्या फोनवर मुलाशी बोलत होता. तो हळू बोलतो तेव्हाही पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं.

"माझं नाव ठेवायची काही गरज नाही, काय? ते आजारी पोरांचं नाव आहे. माझ्या आधी दोन गेले म्हणून मला 'जगो' म्हणून झिसिस ठेवलं. जगलो. नावाचं काम संपलं. तुला आवडेल ते ठेव."

फोन ठेवला. एका पावाऐवजी दोन घेतले. दारापर्यंत गेला आणि वळून मला विचारलं, "मालामो, जर्मन लोकांना 'झिसिस' म्हणता येईल का गं?"

"न यायला काय झालं? सोपं आहे," मी म्हटलं.

"नाही, सहज विचारलं," तो म्हणाला.

मला त्या वेळी त्याची इतकी माया आली की मी पाव मोजायला विसरले.

बाप्तिस्म्याला तो जाणारच होता. पण महिनाभर आधी दोम्नाबाईच्या छपरावर अँटेना सरळ करायला चढला आणि खाली आला तो तंगडी मोडूनच. मांडीपर्यंत प्लास्टर. स्तेर्गिओसनं सांगितलं, काळजी करू नका बाबा, तिकडच्या चर्चचं पान मीच बनवलंय, त्यावर सगळं थेट दिसेल. फक्त आदल्या दिवशी एकदा उघडून बघा, कुठल्या ब्राउझरमध्ये उघडता ते मला कळवा. बार्बा म्हणाला, "कोल्ह्यात सगळं उघडतं." उघडून बघितलं नाही. हात दाखवून अवलक्षण करायची त्याला सवयच होती.

शनिवारी दुपारी दोम्नाबाईच्या कॉफीखान्यात लग्नासारखी गर्दी. बार्बा मध्यभागी, पाय स्टुलावर, अंगात लग्नातला कोट. सगळ्यांना त्सिपुरोची दारू त्याच्याकडून. मी तिळाचे पाव घेऊन गेले आणि तिथेच थांबले. बार्बानं पत्ता टाकला, बटण दाबलं. पान पांढरं. खाली एक ओळ: हे पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडावे.

बार्बानं पुन्हा दाबलं. पुन्हा तीच ओळ.

"लाइनवर ताण असेल," दोम्नाबाई म्हणाली.

"ताणच आहे," तो म्हणाला.

चाक उतरवून घ्यायला दोन मिनिटं लागली असती. ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि प्रत्येकजण आपापल्या पेल्यात बघत होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात दोम्नाबाईनं माझ्या पायावर पाय दिला. आणि त्या शांततेत खालून आवाज आला. पाद्र्याचा आवाज, बाळाचं रडणं, घंटेसारखं काहीतरी. लाझारोसला कमी ऐकू येतं, त्याचा टीव्ही नेहमी साऱ्या चौकाला ऐकू येतो. त्याच्या धर्मपुत्राच्या मुलाचा बाप्तिस्मा होता, तो बघणारच. दारं सताड उघडी होती, आत सगळे चाकवाले उभे होते, आणि बार्बाच्या नातवाला ते बघत होते.

बार्बा ऐकत होता. सूर कळत होता, शब्द कळत नव्हते. आमच्यातल्या प्रत्येकाला ती प्रार्थना पाठ आहे. कुठवर आलंय ते सुरावरून समजतं. तेल झालं. आता पाणी. पाण्याच्या वेळी नाव.

"माझ्या कुबड्या," बार्बा म्हणाला.

कुणीतरी दिल्या. तो उठला, पायरी उतरला आणि चौकात निघाला. मागे वरचा सगळा कॉफीखाना दारात येऊन उभा राहिला, पण पायरी कुणी उतरलं नाही. मी उतरले. मला पक्ष नाही.

तो चिनारापर्यंत पोचला आणि खालून पोरं सुटली. नाव उच्चारलं गेलं की चर्चमधून पोरं धावत सुटतात, आधी पोचून घरच्यांना नाव सांगेल त्याला नाणं मिळतं. हे टीव्हीवरच्या बाप्तिस्म्यालाही लागू आहे असं आमच्या पोरांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. अख्खी टोळी ओरडत आली.

"लाझारोस! बार्बा, लाझारोस!"

"तो आत बसलाय," बार्बा म्हणाला. "मला काय सांगता?"

"नाही हो बार्बा, बाळाचं नाव! लाझारोस ठेवलं!"

बार्बा उभा राहिला. पोरांनी हात पुढे केलेले. खालच्या दारात लाझारोस आला, खांद्यावर फडकं, चेहरा त्या फडक्याइतका पांढरा.

"कुम्बारे," तो म्हणाला. "आईची शपथ, मला ठाऊक नव्हतं. मी आत्ता फोन करतो त्याला. असं नसतं करायचं. बापाचं नाव असतं."

मला वाटलं आता हा वळणार आणि परत जाणार, आणि मग या दोघांना मरणच एकत्र आणणार. रागही आला मला त्या पोराचा, एवढं शिकून एवढं कळू नये. मग मला ते बर्फातले दिवस आठवले आणि राग कुणावर करावा ते कळेना.

बार्बानं एक कुबडी मला धरायला दिली आणि खिसा चाचपला. लग्नातल्या कोटाचे खिसे रिकामेच असतात. त्यानं सगळे उलटे करून बघितले.

"कुम्बारे," तो लाझारोसला म्हणाला, "पोरांना नाणी दे. माझ्याकडे नाहीत. नाव आणलंय त्यांनी."

लाझारोसनं गल्ल्यात हात घातला आणि हाताला लागेल ते वाटलं. पोरांना त्या दिवशी नाण्यांऐवजी नोटाच मिळाल्या. बार्बा आत गेला, सरळ टीव्हीपुढच्या खुर्चीत बसला, आणि लाझारोसनं स्वतःच्या हातानं त्याच्या प्लास्टरखाली बाटल्यांचं खोकं सरकवलं. पडद्यावर बाळ टॉवेलात गुंडाळलेलं, तेलानं चकाकणारं, जिवाच्या आकांतानं रडत होतं. स्तेर्गिओस त्याला घेऊन कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आला. या दोघांच्या अबोल्याचं त्याला काहीच माहीत नव्हतं. बाळाचा हात धरून त्यानं आमच्याकडे हलवला.

"बघ रे, ते बघ," तो म्हणाला. "एक आजोबा, आणि शेजारी दुसरे आजोबा. दोघं मिळून बघतायत तुला."

लाझारोसनं फडकं तोंडावर धरलं. बार्बा पापणी न हलवता पडद्याकडे बघत नेहमीच्या आवाजात म्हणाला, "कोल्ह्यात बघितलं असतं तर दुसरं नाव आलं असतं."

हसावं की नाही कुणालाच कळेना. मग लाझारोस फडक्याच्या आड हसायला लागला, रडत रडतच, आणि ते बघून बार्बाच्याही मिशा हलल्या. तोवर वरचे एकेक करून पायरी उतरले होते. दोम्नाबाई त्सिपुरोची बाटली घेऊन पुढे, म्हणे उरलेली आहे, वाया कशाला घालवायची. वरचे लोक खालच्या खुर्च्यांवर बसले. पुष्कळ जण आयुष्यात पहिल्यांदा. एकानं खुर्ची कडक आहे अशी तक्रार केली आणि सगळ्यांना बरं वाटलं.

संध्याकाळी बार्बानं लाझारोसच्या कॉफीखान्याच्या फोटोखाली लिहिलं. अख्खं गाव ते वाचायला फोनवर तुटून पडलं, कोल्ह्यातून आणि चाकातून. लिहिलं होतं: "चित्र स्वच्छ. आवाज मोठा. नातवाचं नाव चांगलं ठेवलं आहे." आणि चार तारे.

बार्बा झिसिसनं चार तारे याआधी कधीच कुणाला दिले नव्हते. माझ्या पावालाही नाहीत, ते मी लक्षात ठेवलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी लाझारोस चौक ओलांडून वर आला, स्वतःच्या तोंडानं सुप्रभात म्हणाला, आणि टेबलाशी उभं राहून विचारलं, "कुम्बारे, पाचवा तारा कुठं गेला रे?"

"ठेवलाय," बार्बा म्हणाला. "सुनेचं वय लहान आहे. अजून एक नातू होईल."